कलेजीवर विद्युत अपघटन : विजेने यकृताच्या पेशी कशा मरतात ते दाखवणारा प्रयोग

यकृतातली गाठ शस्त्रक्रियेने काढण्याऐवजी जागच्या जागी विजेने मारण्याच्या पद्धती तीन. पहिलीत साधारण ३७५ ते ५०० किलोहर्ट्झची उलटसुलट धारा सुईतून सोडतात. तिथले आयन थरथरतात, त्यातून उष्णता तयार होते आणि पेशी ६० अंशांच्या वर शिजतात. दुसरीत काही हजार व्होल्टचे, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढे छोटे झटके देऊन पेशीच्या पडद्याला कायमची भोकं पाडतात. तिसरी, म्हणजे विद्युत अपघटन, सगळ्यात साधी, आणि तिच्याबद्दल बोललंही सगळ्यात कमी जातं. साधी एकदिश धारा, काही मिलिअँपिअरची, पण बराच वेळ. इथे पेशी जळत नाहीत आणि फाटतही नाहीत. एका टोकाला तयार झालेलं आम्ल आणि दुसऱ्या टोकाला तयार झालेली आम्लारी त्यांना मारतात. फुप्फुसातल्या गाठींवर ही पद्धत स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ ब्यॉर्न नॉर्डेनस्ट्रॉम यांनी वापरली, आणि नंतर यकृतावर तिचा अभ्यास झाला.

पहिल्या दोन पद्धती वर्गात दाखवता येत नाहीत. तिसरी दाखवता येते, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि पाव किलो कलेजी एवढ्या सामानावर. लातूर-नांदेडच्या कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला विद्युत अपघटन रसायनशास्त्रात शिकवतात आणि यकृत जीवशास्त्रात, पण दोन्ही एका टेबलावर येण्याची वेळ क्वचितच येते. हा प्रयोग त्यासाठी आहे. बी.एस्सी. आणि डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या पदविकेच्या) वर्गांनाही तो चालेल.

एक गोष्ट आधीच. हा प्रयोग फक्त कापलेल्या कलेजीवर करायचा. जिवंत प्राण्यावर नाही, माणसाच्या अंगावर तर मुळीच नाही. ९ व्होल्टची बॅटरीसुद्धा ओल्या कातडीखाली गेलेल्या टोकातून जखम करू शकते, आणि ती का करते हेच पुढे दिसणार आहे. घरच्या विजेवर चालणारा चार्जर किंवा अडॅप्टर इथे वापरू नका. स्वस्त अडॅप्टरचं आतलं विलगीकरण कधी फाटेल सांगता येत नाही, आणि टेबलावर मीठ, पाणी आणि उघडे हात तिन्ही असणार. बॅटरी वापरली की भारनियमनाचीही चिंता नाही. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरीही नको. तिची टोकं चुकून एकमेकांना टेकली तर वायर लाल होते.

सामान

मुख्य भाग म्हणजे धारा ठरावीक ठेवणारं छोटं सर्किट. नुसती बॅटरी जोडली तर सुरुवातीला धारा जास्त जाते. मग धनाग्राभोवतालचं, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीभोवतालचं, मांस वाळलं की ती घसरत जाते आणि शेवटी किती वीज गेली याचा हिशोब लागत नाही. म्हणून टीव्ही-मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून एलएम ३१७ ही तीन पायांची आयसी आणि १२० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणा. आयसीवर छापलेली बाजू तोंडासमोर आणि पाय खाली धरले की डावीकडून पाय क्रमाने अ‍ॅडजस्ट, आउट आणि इन. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १८ व्होल्ट करा. त्यांचं धन टोक इनला. आउट आणि अ‍ॅडजस्टच्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. अ‍ॅडजस्टच्या पायापासून निघालेली तार मल्टिमीटरमधून धनाग्राला, आणि ऋणाग्राकडून येणारी तार बॅटरीच्या ऋण टोकाला. ही आयसी आउट आणि अ‍ॅडजस्टमध्ये १.२५ व्होल्ट कायम ठेवते, म्हणून धारा १.२५ भागिले १२०, म्हणजे जवळपास १०.४ मिलिअँपिअर. रेझिस्टर ६२ ओहमचा घेतला तर २० मिलिअँपिअर. आयसीची पाठीवरची धातूची पट्टी आउटला जोडलेली असते, ती कशालाही टेकू देऊ नका.

अग्रांसाठी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सामानात मिळणारी २ मिलिमीटर जाडीची ग्राफाइट शिसं घ्या. वरचा मेणाचा लेप असेल तर पॉलिश पेपरने घासून काढा. धनाग्राला सुई, खिळा किंवा तांब्याची तार लावण्याचा मोह होईल, तो टाळा. लोखंड आणि तांबं धनाग्रावर विरघळतं. मग कलेजीत दिसणारा हिरवा-तांबूस डाग धातूचा की मेलेल्या पेशींचा हे कुणालाच सांगता येत नाही, कारण धातूचे आयन स्वतःच विषारी असतात. ऋणाग्राला स्टीलची सुई चालते, कारण तिथे धातू विरघळत नाही. पण दोन्हीकडे ग्राफाइट असलेलं बरं. मग तुलना सरळ होते आणि गरज पडली तर तारा अदलाबदल करता येतात.

बाकीचं सामान : मल्टिमीटर, मगरक्लिपा, काचेची किंवा प्लास्टिकची पसरट थाळी, मेडिकलमधली नॉर्मल सलाइनची बाटली, पीएच पेपर, हायड्रोजन पेरॉक्साइड, चायना ग्रास (म्हणजे अगार), बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी, जास्वंदीची सहा-आठ लाल फुलं आणि थोडी हळद. थाळी स्टीलची नको. स्टीलच्या ताटात कलेजी ठेवली तर वीज कलेजीतून जाण्याऐवजी ताटातून जाते. मीटरवर आकडा बरोबर दिसतो आणि प्रयोग मात्र होतच नाही. बोअरचं पाणी इथे नको, त्यातले क्षार आणि सामू (पीएच) दोन्ही निकालात मिसळतात.

आधी अगारवर

कलेजीत रंग नीट दिसत नाही, म्हणून आधी अगारवर करून बघा. अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात ४.५ ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम चायना ग्रास घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. जास्वंदीच्या पाकळ्या वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटं उकळून गाळा आणि तो जांभळट अर्क कोमट झालेल्या अगारमध्ये मिसळा. थाळीत दीड-दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत ओतून घट्ट होऊ द्या. मग दोन अग्रं ३ सेंटिमीटर अंतरावर, १ सेंटिमीटर खोल रोवा आणि १० मिलिअँपिअर सुरू करा.

काही मिनिटांतच धनाग्राभोवती गुलाबी-लाल वर्तुळ दिसू लागतं आणि ऋणाग्राभोवती हिरवं. ऋणाग्रावरून बारीक बुडबुड्यांची रांग वर येते. तो हायड्रोजन. पाण्याचे रेणू तिथे इलेक्ट्रॉन घेतात, हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन मागे राहतात. धनाग्राकडे उलट घडतं. पाणी इलेक्ट्रॉन देतं, ऑक्सिजन सुटतो, हायड्रोजन आयन उरतात म्हणजे आम्ल तयार होतं. मिठातला क्लोराइडही तिथे क्लोरीन होतो. वास येईल तो गावात विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरचाच. प्रमाण अगदी कमी असतं, तरी खिडकी उघडी ठेवा आणि नाक अग्राजवळ नेऊ नका.

इथे हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे धनाग्राच्या अगदी जवळचा पांढरा ठिपका. विद्यार्थी म्हणतात, तिथे आम्ल नाही म्हणून रंग नाही. खरं म्हणजे तिथे आम्ल सर्वांत तीव्र आहे, पण क्लोरीनने जास्वंदीचा रंगच उडवलाय. म्हणून सामू रंगावरून ठरवायचा तो ठिपक्याच्या बाहेरच्या कडेवर. दुसरीकडे ऋणाग्राजवळचा हिरवा काही वेळाने पिवळा पडतो, कारण तीव्र आम्लारीत हा रंग टिकत नाही. तिथे हळदीचा कागद उपयोगी. गाळण कागद हळदीच्या स्पिरिटमधल्या अर्कात बुडवून वाळवला की झाला. वसमतच्या बाजारात हळदीला काय कमी, आणि चुना लागून हळद लाल होताना सगळ्यांनीच पाहिली आहे. हळदीचा कागद आम्लात पिवळाच राहतो, त्यामुळे धनाग्राकडे तो काहीच सांगत नाही.

कलेजी आणणे

खाटिकाकडे सकाळी जा. कलेजी त्याच सकाळी कापलेल्या जनावराची हवी. पाव किलोचा अखंड तुकडा मागा आणि फोडी करू नका म्हणून आधीच सांगा, कारण सवयीने सुरी चालून जाते. उस्मानाबादी शेळीची मिळाली तर छान, पण जात महत्त्वाची नाही, ताजेपणा महत्त्वाचा. पित्ताची पिशवी न फोडता काढून घ्या. पित्त पसरलं की हिरवा डाग राहतो आणि सामूही बदलतो. कलेजी धुवायची झाली तर फक्त सलाइनने. बर्फाच्या डब्यात आणा, पण बर्फ पिशवीबाहेर असू द्या. कलेजी गोठली की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणजे वीज लावायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडचा पारा ४० च्या वर असतो. तेव्हा प्रयोग दुपारी ठेवू नका. दोन-तीन तासांत सुरू केला तरच निकाल विश्वासाचा.

प्रयोग सुरू करण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला आलेल्या कलेजीच्या एका कोपऱ्यात छोटा छेद घेऊन पीएच पेपर दाबा. जिवंत यकृतात सामू ७.२ च्या आसपास असतो. कापल्यानंतर तो खाली घसरतो आणि ६.५ ते ७ मध्ये सापडण्याची शक्यता जास्त. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडायचं आहे. सामू म्हणजे माती परीक्षणाच्या अहवालात असतो तोच. आपल्या काळ्या जमिनीत तो ८ च्या आसपास असल्याचं वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे ऋणाग्राजवळ १२ निघाला की त्याचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागत नाही.

मग जाड सुईने ३ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा आणि त्यात ग्राफाइट २ सेंटिमीटर खोल सरकवा. भोक न पाडता ढकललं तर शीस आतच तुटतं. वर राहिलेल्या भागावर प्लास्टिकची नळी चढवा, म्हणजे मगरक्लिपेपर्यंत ओलावा पोहोचणार नाही. क्लिप धनाग्राकडे ओली झाली की हिरवी पडते आणि तांबं खाली झिरपतं. अंतर ३ सेंटिमीटरपेक्षा कमी करू नका. आम्ल आणि आम्लारीची वर्तुळं मध्ये भेटली तर एकमेकांना उदासीन करतात आणि सीमा पुसट होतात.

मीटरवर १० मिलिअँपिअर दिसले की घड्याळ लावा. तीस मिनिटं. आकडा खाली सरकू लागला तर धनाग्राजवळ सलाइनचे दोन थेंब सोडा. तरीही सरकला तर बॅटऱ्या उतरल्या आहेत किंवा क्लिप सैल आहे. मीटरची तार अँपिअरच्या भोकात असताना त्याच मीटरने व्होल्टेज मोजायला जाऊ नका. फ्यूज जातो, आणि वर्गातला मीटर असा जाणं नवं नाही.

हिशोब कूलोमचा

डॉक्टर या पद्धतीची मात्रा कूलोममध्ये मोजतात. धारा गुणिले सेकंद. ०.०१ अँपिअर गुणिले १,८०० सेकंद, म्हणजे १८ कूलोम. एका मोल इलेक्ट्रॉनचा भार ९६,४८५ कूलोम, म्हणून १८ कूलोममध्ये साधारण ०.०००१९ मोल इलेक्ट्रॉन. ऋणाग्रावर तेवढेच मोल हायड्रॉक्साइड तयार झाले आणि त्याच्या निम्मा हायड्रोजन, म्हणजे खोलीच्या तापमानाला साधारण २.३ मिलिलिटर वायू. धनाग्रावर जास्तीत जास्त तेवढंच आम्ल. क्लोरीनकडे गेलेल्या वाट्याएवढं थेट आम्ल कमी, पण तो क्लोरीन पाण्यात विरघळून पुन्हा आम्लच करतो आणि शिवाय पेशीतली प्रथिनं जाळल्यासारखी ऑक्सिडाइज करतो.

०.०००१९ मोल आम्ल एक मिलिलिटर साध्या पाण्यात पडलं असतं तर सामू १ च्या खाली गेला असता. मांसात तसं होत नाही, कारण प्रथिनं आणि फॉस्फेट आम्ल शोषून घेतात. ती क्षमता संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही, आणि संपली की एकदम कोसळतो. म्हणून मेलेल्या भागाची कड तीक्ष्ण दिसते. डुकरांच्या यकृतावर झालेल्या अभ्यासात पेशी पूर्ण मरण्याची सीमा धनाग्राकडे सामू ६ च्या खाली आणि ऋणाग्राकडे ९ च्या वर सापडली आहे. १८ कूलोममध्ये कलेजीत प्रत्येक अग्राभोवती साधारण अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टा मिळतो. वेळ दुप्पट केला तर पट्ट्याचं आकारमान वाढतं, पण त्रिज्या दुप्पट होत नाही. खऱ्या गाठीसाठी हीच अडचण आहे. मात्रा पुरेशी व्हायला धारा बराच वेळ चालू ठेवावी लागते. याच संथपणामुळे दवाखान्यांत उष्णतेच्या पद्धती पुढे गेल्या.

उष्णतेचा प्रश्न वर्गात विचारला जाणारच. कलेजीवर पडणारं व्होल्टेज साधारण ६ धरा. ६ गुणिले ०.०१ म्हणजे ०.०६ वॅट, अर्ध्या तासात १०८ जूल. ही सगळी उष्णता १०० ग्रॅम मांसात कोंडली तरी तापमान अर्धा अंशही वाढत नाही. थर्मामीटर खोचून दाखवा. इथे पेशी शिजत नाहीत हे सिद्ध करायला याहून सोपं काही नाही. याच कारणामुळे मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या गाठीत ही पद्धत उजवी ठरते. उष्णतेच्या पद्धतीत ३ मिलिमीटरपेक्षा जाड वाहिनीतलं रक्त उष्णता वाहून नेतं आणि वाहिनीलगतच्या गाठीच्या पेशी वाचून राहतात.

कापून पाहताना

अग्रं काढताना फरक हाताला कळतो. धनाग्र चिकटलेलं असतं, त्याभोवतीचं मांस कडक, कोरडं, काळपट. ऋणाग्र सहज निसटतं आणि मागे फेस आणि बुळबुळीत लगदा राहतो. धनाग्र फार चिकटलं असेल तर तारा उलट करून एक मिनिट धारा सोडा, ते सुटतं. ती वेळ हिशोबात धरू नका.

हा कोरडे-ओलेपणाचा फरक विद्युत-परासरणामुळे. मांसातलं पाणी धनाग्राकडून ऋणाग्राकडे ओढलं जातं. आणि लगदा का? आम्ल प्रथिनांना गोठवतं, त्यामुळे पेशी मेली तरी तिचा आकार काही काळ उभा राहतो. आम्लारी पडद्यातल्या मेदाचा साबण करते आणि प्रथिनं विरघळवते, म्हणून तिकडे पेशी वितळते. रक्तातलं हिमोग्लोबिन आम्लातही काळपट तपकिरी होतं आणि आम्लारीतही, म्हणून रंगावरून बाजू ओळखू नका, स्पर्शावरून ओळखा.

आता दोन्ही भोकांतून जाणारा छेद घ्या, सरळ, एकाच धारदार ब्लेडने. करवतीसारखं मागेपुढे केलं तर आम्लारीचा लगदा धनाग्राकडे पसरतो. छेदावर दर ५ मिलिमीटरला पीएच पेपरची बारीक पट्टी काही सेकंद दाबा आणि रंग पट्टीच्या मागच्या बाजूने वाचा, पुढची बाजू रक्ताने रंगते. धनाग्रापाशी २ च्या जवळ, ऋणाग्रापाशी १२ च्या जवळ, आणि मधल्या पट्ट्यात सुरुवातीला लिहिलेलाच आकडा. हा मधला भाग नीट दाखवा. वीज त्यातूनही तेवढीच गेली, पण तिथे काही बिघडलं नाही. मारलं ते विजेने नव्हे, अग्रांच्या पृष्ठभागावर तयार झालेल्या रसायनांनी. ३ सेंटिमीटरच्या या ओळीवर सगळा प्रयोग उभा आहे. अर्धा युनिट वाचता येईल असा पेपर घ्या, कारण मेलेल्या कलेजीचा मूळ सामू ६.५ असेल तर ६ ची सीमा जवळच आहे.

पुढे पेरॉक्साइड. मेडिकलमधलं साधारण ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर बघून त्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी घाला. छेदावर थेंबाथेंबाने टाका. यकृतात कॅटालेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असतं, त्यामुळे निरोगी भागावर जोरात फेस येतो. अग्रांजवळ येत नाही किंवा फार कमी येतो, कारण तिथलं विकर बिघडलं आहे. ऋणाग्राजवळ अडकलेला हायड्रोजनचा फेस आधी टिपकागदाने टिपून घ्या, नाहीतर उलटा निष्कर्ष निघेल. तुलनेसाठी उकळलेल्या कलेजीचा एक तुकडा आणि न छेडलेला एक तुकडा बाजूला ठेवा.

पण फेस येणं म्हणजे पेशी जिवंत असणं नव्हे. विकर शाबूत आहे एवढंच त्यातून कळतं. पेशीच्या जिवंतपणाच्या जवळ जायचं तर प्रयोगशाळेत टीटीसी हे रसायन हवं. त्याच्या १ टक्का द्रावणात छेद ३७ अंशांवर वीस मिनिटं बुडवला की श्वसनाची विकरं चालू असलेला भाग विटकरी लाल होतो आणि मेलेला फिकट राहतो. शिळ्या कलेजीत सगळंच फिकट येतं. टीटीसीचा प्रयोग फसण्याचं पहिलं कारण नेहमी हेच.

जिवंत यकृतात चित्र थोडं वेगळं. वाहतं रक्त बायकार्बोनेट आणून आम्ल उदासीन करतं, म्हणून तेवढ्याच कूलोममध्ये पट्टा लहान पडतो. उलट, पट्ट्यातल्या बारीक वाहिन्यांत रक्त गोठतं आणि ऑक्सिजन तुटल्याने नंतर आणखी काही पेशी मरतात. हे दुसरं मरण कापलेल्या कलेजीत दिसणार नाही, हे वर्गात सांगा. झटक्यांच्या पद्धतीशी तुलना विचारली तर फळ्यावर एवढंच मांडा : पडद्यावरचं व्होल्टेज साधारण दीडपट विद्युत क्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या. सेंटिमीटरला १,००० व्होल्ट आणि त्रिज्या १० मायक्रोमीटर घेतली तर १.५ व्होल्ट, आणि एक व्होल्टच्या वर पडदा सावरत नाही. आपल्या प्रयोगात सेंटिमीटरला २ व्होल्टच आहेत, म्हणजे ५०० पट कमी. भोकं पडण्याचा प्रश्नच नाही.

शेवटी टेबल. वापरलेली कलेजी कुत्र्या-मांजरांना घालू नका, खड्ड्यात पुरा. उरलेला न वापरलेला भागही पुन्हा स्वयंपाकघरात नको, त्याच्या शेजारी पेरॉक्साइड आणि टीटीसी होते. टीटीसीचं द्रावण मोरीत ओतू नका, प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांच्या बाटलीत भरा. ग्राफाइट पाण्यात उकळून पुन्हा वापरता येतं, पण धनाग्र झिजून खरखरीत झालं असेल तर फेकून द्या. त्याची काळी भुकटी पुढच्या कलेजीत काळा डाग म्हणून उतरते.